बायकांच्या खुर्चीचं माप

माणूस म्हातारा झाला की आधी काय जातं? डॉक्टर सांगतील नजर, शास्त्रीबुवा सांगतील मोह. दोघंही चूक. मी सुतार आहे, मी सांगतो. आधी जातं ते खाली बसून आपलं आपण उठणं. तेवढं गेलं की सकाळी उठल्यापासून तुमची लाज दुसऱ्याच्या हातात. मग माझ्यासारख्याला बोलावणं येतं.

मी तंजावरचा, नाव गोविंदराव. राजवाड्यामागच्या गल्लीत माझी पट्टरै, म्हणजे कामाची जागा: एक छप्पर, दोन बाकं आणि भुसा. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळमध्ये. ही मराठी अक्षरं मला माझ्या बायकोनं, तुळजानं, लग्नानंतर गिरवायला लावली. गेल्या मार्गशीर्षात ती गेली. हा अंक काढणाऱ्या ताई राजवाड्यातले जुने कागद बघायला आल्या होत्या. माझ्या ओट्यावर कॉफी पिता पिता म्हणाल्या, "आजोबा, धंद्यातलं काही लिहून द्या ना." मी म्हटलं, देईन, पण गोड लिहिता येत नाही. आणि आता हात थांबत नाही! गेल्या महिन्यात जे घडलं ते मी दिसेल त्याला धरून सांगतोय. दूधवाल्याला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा तो सायकलवरून उतरलाच नाही.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्याकडे चार चिजा होतात. कमोडची खुर्ची, धरून चालायची चौकट, पलंगाचा कठडा आणि न्हाणीत भिंतीला लावायची दांडी. दुकानातली खुर्ची घराला शोभावी लागते, माझी खुर्ची ढुंगणाला बसावी लागते. त्यासाठी तीन मापं. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत किती, कुल्ले किती रुंद, आणि बसल्यावर कोपर किती वर येतं. पहिलं माप सगळ्यांत महत्त्वाचं. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत. टाचा अधांतरी राहिल्या तर म्हातारा माणूस उठताना पुढे घसरतो आणि तोंडावर येतो. इंचभराचा खेळ असतो.

पुरुषांची मापं मी मन लावून घ्यायचो. तिरुवैयारूला एक म्हातारे गुरुजी होते, मृदंग शिकवायचे. मला म्हणाले, "गोविंदराव, खुर्चीचे हात फणसाच्या लाकडाचे करा, आणि वाजले पाहिजेत." मी म्हटलं, "गुरुजी, ही खुर्ची कशाची आहे ते ठाऊक आहे ना?" म्हणाले, "ठाऊक आहे म्हणूनच सांगतो. तिथेच जास्त वेळ जातो." मी तीन वेळा हात बदलले तेव्हा त्यांना नाद पसंत पडला. मग रोज सकाळी न्हाणीत त्यांचा ताल चालायचा आणि घरची माणसं बाहेर निश्चिंत असायची. ताल थांबला की सून दार वाजवायची. असं काम केलं की छाती फुगते, खोटं कशाला सांगू.

आणि बायकांची मापं? ती मी कधी घेतलीच नाहीत.

परक्या सुतारानं घरातल्या बाईच्या गुडघ्याला पट्टी लावायची हे आमच्या घरांत बसत नाही. म्हातारी आत, मुलगा बाहेर ओट्यावर. मी विचारायचो, "आईंची उंची?" मुलगा म्हणायचा, "मध्यम." "मध्यम म्हणजे किती?" तो डोकं खाजवायचा. "तुमच्या घरच्यांएवढी असेल की."

मग मी घरी येऊन म्हणायचो, "तुळजा, बस जरा." ती हातातलं काम ठेवून स्टुलावर बसायची आणि विचारायची, "आज कोण मी?" मी सांगायचो, अमक्यांची आई, तमक्यांची आजी. ती लगेच तशी बसायची, पाठ वाकवून, ओठ आत घेऊन. मला हसू यायचं आणि पट्टी हलायची. सतरा इंच. नेहमीच सतरा इंच, कारण गुडघा नेहमी तिचाच. चाळीस वर्षं या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माझ्या बायकोच्या मापावर बसल्या. कुणाची तक्रार आली नाही. मी समजायचो, माप बरोबर आहे. बायका तक्रार करत नाहीत एवढंच ते होतं.

आता संघाचं सांगतो. आमच्या मराठी घरांनी मिळून म्हाताऱ्यांसाठी एक संघ काढला आहे. एक सभागृह, मागे सामानाची खोली. खुर्च्या, चौकटी, पलंग वापरायला देतात, आणि अडलेल्या घरी दिवसभर एक मदतनीस बाई पाठवतात. अशा मदतनीस फक्त चार. माझे हात मंद झाले तेव्हा सामानाची खोली आणि अर्ज भरून घेणं माझ्याकडे आलं. अर्जात एक प्रश्न होता: घरात सांभाळायला स्त्री आहे काय? असल्यास मदतनीस मिळणार नाही. ऐकायला काय वाईट आहे? ज्याला कुणी नाही त्याला आधी. मी वर्षानुवर्षं त्या चौकटीत "आहे" लिहीत गेलो. सत्तरीची बायको ऐंशीच्या नवऱ्याला उचलते, "आहे". सून शाळेत शिकवून येऊन सासूची कूस बदलते, "आहे". लग्न न झालेली मुलगी, "आहे", ती तर आहेच आहे. त्या बाईला कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तुळजाचं उजवं अंग गेलं तेव्हा सात महिने ती पडून होती. घरात माणसं दोन, ती आणि मी. मुलगी कोइमतूरला, येऊन जाऊन. मी संघाचा अर्ज घेतला, नावं लिहिली आणि त्या प्रश्नाशी आलो. घरात स्त्री आहे काय? आहे. पलंगावर आहे. मी "आहे" लिहिलं आणि माझ्याच हातानं तो कागद नाकारलेल्या गठ्ठ्यात ठेवला. तुळजा म्हणाली, "अहो, मला कशाला बाई? तुम्ही आहात की." मी होतो. तिला उचलायचो, न्हाऊ घालायचो, वेणीही शिकलो. पण रंधा धरणाऱ्या हाताला केस धरता येत नाहीत, ओढले जातात. ती "आई गं" म्हणायची आणि मग, "छान झाली हो," म्हणायची. आरसा कधी मागितला नाही.

ती गेली. तेरावा झाला आणि पुढच्याच आठवड्यात संघानं माझ्याकडे मदतनीस पाठवली. मी मागितलीही नव्हती! सेल्वी तिचं नाव, चाळिशीची, हसरी. "अय्या, तुमच्या घरी आता बाई नाही म्हणून पाठवलंय," म्हणाली. मी चालता-फिरता, खांद्यावर फळी नेणारा पुरुष, आणि माझ्याकडे स्वयंपाकाला, झाडायला बाई. आणि मी काय केलं? गपचूप जेवलो. महिनोन्महिने जेवलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

तेवढ्यात सेतुअक्का पडल्या.

सेतुअक्का आमच्याच गल्लीतल्या. ब्याऐंशी वय, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गुडघे गेले तसा त्यांच्या भाच्यानं तिरुचीहून फोन करून मला खुर्ची सांगितली. "माप?" "मध्यम." तुळजा तर नव्हती, पण सतरा इंच पाठ होतं. खुर्ची केली, पॉलिश मारलं, पाठवून दिली. आठवड्यात अक्का त्या खुर्चीवरून तोंडावर आल्या. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला, अंथरुणाला खिळल्या.

मी बघायला गेलो. त्या पलंगावर, एवढ्याशा, दहा वर्षांच्या पोरीएवढ्या. शेजारी माझी खुर्ची, बुटक्या बाईशेजारी उंच पाहुणा उभा असावा तशी.

"कुणाचं माप रे हे, गोविंदा?"

"तुळजाचं, अक्का."

त्या प्लास्टरचा हात पोटावर धरून हसायला लागल्या. "अरे, तुळजा केवढी उंच होती! तिच्या चपला मला होड्या व्हायच्या. मला विचारायला काय झालं होतं?"

"बायकांना कसं विचारायचं, अक्का?"

"तोंडानं."

मग त्यांचं हसणं थांबलं. म्हणाल्या, "भाचा येतोय. ओरत्तनाडूच्या पुढे कुठे तरी आश्रम आहे म्हणे, तिथे ठेवणार. वाईट नाही तो, त्याला तरी कोण आहे? पण मी जाणार नाही. या घरात मी तीन पुरुषांची ढुंगणं धुतली, सासऱ्याचं, दिराचं आणि नवऱ्याचं. त्यांच्यातल्या एकाला तरी नेलं का कुणी आश्रमात? दिवसा एक बाई मिळाली तर मी इथेच राहीन. संघाला सांग."

भाचा पंधरा दिवसांत येणार होता. मी धावत संघात गेलो, अर्ज भरला, अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. अध्यक्ष म्हणजे आमचे तहसीलदार अण्णा, निवृत्त, कागदाचे पक्के. तिसऱ्या दिवशी अर्ज परत. वर लाल शाईत: नाकारला, घरात स्त्री आहे.

मला राग आला तो विचारू नका! कुठली स्त्री? कुणी लिहिलं? कागद उलटला तर अक्षर माझं. घरात माणसं: एक. घरात सांभाळायला स्त्री आहे काय: आहे. हाताला सवय. म्हातारीला सांभाळायला म्हणून त्याच म्हातारीचं नाव मी लिहिलं होतं.

तसाच अण्णांच्या घरी गेलो. ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, त्यांच्या बायकोनं, वैनींनी, गुडघ्यांना तेल लावून ठेवलं होतं.

"अण्णा, ती बाई म्हणजे अक्काच आहेत."

"म्हणजे आहे ना स्त्री?"

"ती पडलीय!"

"पडलेली, उभी, असं अर्जात कुठंय? तूच लिहिलंस आहे म्हणून. आता नियम बदलायचा तर सभेत. रविवारी सभा आहे, मांड तिथे."

"मी?"

"मग कोण, मी?" अण्णा म्हणाले. वैनी तेलाची वाटी उचलून आत गेल्या, जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. तेव्हा कळलं नाही का ते.

मधल्या दोन दिवसांत मी सेल्वीला गुपचूप अक्कांकडे पाठवली. तिसऱ्या दिवशी ती रडवेली आली. "अय्या, संघानं विचारलं, तू कुठे होतीस? तुमच्या घराच्या नावावर आहे मी, दुसरीकडे दिसले तर काढून टाकतील." म्हणजे बाईही पुरुषाच्या घराच्या नावावर. मी म्हटलं, बस झालं, आता रविवार.

रविवार! मी नवी वेष्टी नेसलो. सभागृहात पुढे पुरुष खुर्च्यांवर, मागच्या पडवीत बायका सभेनंतरच्या सांबाराच्या शेंगा चिरत. दरवेळी असंच. मत घरटी एक, कर्त्या पुरुषाचं. मी दोन रिक्षावाल्यांना सांगून अक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं आणि सरळ पुढच्या रांगेत ठेवलं. कुजबुज सुरू. एक जण म्हणाला, "बायका मागे बसतात."

अक्का म्हणाल्या, "मला मागे न्यायचं तर उचल. बघू, जमतं का."

कुणी उठलं नाही.

अण्णा म्हणाले, "अक्का, बसा हो, पण मत तुमच्या यजमानांचं."

"ते वर गेलेत. मत द्यायला खाली येतात का, बघ विचारून."

लोक हसले. मी सभासदांची वही उघडली. घरटी एक मत, आणि अक्कांच्या घरात माणूस एकच. मी म्हटलं, "अण्णा, वहीप्रमाणं हे मत अक्कांचंच." अण्णांनी वही ओढून घेतली, चष्मा वर-खाली केला, आणि वही परत माझ्याकडे सरकवली. कागदाचा माणूस कागदापुढे गप होतो, हा त्यांचा मोठेपणा.

मग मी उभा राहिलो. आयुष्यात कधी सभेत बोललो नव्हतो. मी म्हटलं, "इतकी वर्षं त्या प्रश्नापुढे 'आहे' मी लिहिलंय. माझी बायको पलंगावर मरत होती तेव्हाही मी 'आहे' लिहिलं. मी धडधाकट, मला मदतनीस मिळाली. अक्का पडल्यात, त्यांना नाही. का? मी पुरुष म्हणून. पुरुष म्हटला की त्याला कुणी तरी लागतं, आणि बाई म्हटली की तीच कुणी तरी असते. हे चूक आहे. मी चूक केली, आता तुम्ही करू नका."

मागून एक जण म्हणाला, "मदतनीस चारच आहेत रे. सगळ्या बायकांना द्यायच्या तर आणायच्या कुठून?"

खरं होतं ते. मग तोंडातून निघून गेलं, "अण्णा, तुम्हाला सकाळी खुर्चीवरून कोण उठवतं?"

"तो इथला प्रश्न नाही."

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. "मी उठवते." वैनी! हातात सुरी, दारात उभ्या. साठ वर्षं त्या बाईला मी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "मी उठवते, मी धुते, मी झोपवते. आणि माझी कंबर किती वाकलीय ती कुणी मोजलीय का? अर्जात मी 'आहे'. मी पडले की मग लिहाल 'नाही', आणि यांना बाई पाठवाल. माझ्यासाठी कुणाला पाठवाल?"

अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसा तरीच झाला. ते बायकोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नवीन प्रश्न काय लिहायचा?"

मी अक्कांकडे बघितलं. त्या तयारच होत्या. "लिही, गोविंदा. आजाऱ्याला कोण उचलणार? त्याचं नाव आणि वय. ती व्यक्ती स्वतः धड आहे का? हे तिलाच विचारायचं, एकटीला, नवऱ्या-मुलाला बाहेर बसवून. जी सगळ्यांत थकलीय तिच्या घरी आधी मदतनीस. दुसरी कुणी थकली की मदतनीस तिकडे."

"म्हणजे फिरती?"

"फिरती. भांडी फिरतात की गल्लीत, माणूस का नाही?"

हात वर करायला सांगितलं. पुढे पुरुषांचे काही हात वर, काही मांडीवर. मी मोजायला लागलो आणि मागे बघितलं तर पडवीतल्या सगळ्या बायकांचे हात वर! कुणाच्या हातात शेवग्याची शेंग, कुणाच्या हातात सुरी. चिटणीस ओरडला, "त्यांना मत नाही, मोजू नकोस." मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा खाली बघून म्हणाले, "मोज."

मी मोजले. मोठ्यानं मोजले. शेंगेसकट मोजले. एकाला वाटलं मी चुकलो, म्हणून दुसऱ्यांदा मोजले, तेव्हा दोन पुरुषांचे हात आणखी वाढले होते. नियम बसला! एका वर्षासाठीच बसला, हेही लिहितो, पुढच्या वर्षी परत भांडावं लागेल. मदतनीस अजून चारच. तिरुवैयारूकडच्या दोन घरांत अजून कुणी पोचलेलं नाही. पण प्रश्न बदलला. आता अर्ज भरताना मी बाईसमोर जाऊन बसतो. परवा एका आजींनी मला विचारलं, "खरंच मलाच विचारतोस?" आणि मग तासभर बोलल्या. माझा चहा गार झाला. तुळजाला मी असं एकदा जरी विचारलं असतं तर. जाऊ दे.

सोमवारी सकाळी सेल्वी दारात. "अय्या, मी अक्कांकडे चालले. तुमचं जेवण?"

"मला हात आहेत."

"रस्सम येतं का?"

"नाही."

"चिंच किती घालायची ते तरी ऐका," म्हणाली, आणि पायरीवर बसून सगळं सांगून गेली. पहिल्या दिवशी ते पिण्यासारखं नव्हतं. मी प्यायलो.

बुधवारी भाचा आला. गाडी दारात लावली, अक्कांचे कपडे भरायला मोठी बॅग आणली होती. मी मुद्दाम तिथे होतो, नवी खुर्ची बसवत, साडेचौदा इंचांची, माप खुद्द त्यांना विचारून घेतलेलं. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, सेल्वी त्यांचे केस विंचरत होती. भाच्यानं बॅग खाली ठेवली.

"आत्या, निघायचं ना?"

"कुठे?" अक्का म्हणाल्या. "संघानं बाई दिलीय. मी इथेच आहे. तू आलायस तर जेवून जा. स्वयंपाक झालाय. सेल्वीचे हात केसांत आहेत, पानं तू मांड."

"मी?"

"मग कोण?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी स्क्रू पिळत राहिलो. तो आत गेला, केळीची पानं घेऊन आला. किती, म्हणून विचारलं. "चार," अक्का म्हणाल्या. "सेल्वीचंही. आणि गोविंदाचंही, त्याच्या घरी जे शिजतं ते माणसानं खाण्यासारखं नाही म्हणे." भाच्यानं चार पानं मांडली. चाळिशीचा मोठा साहेब, गुडघे टेकून, घाम पुसत. अक्कांनी ओट्यावरून मान उंचावून बघितलं.

"शेंडा डावीकडे रे," त्या म्हणाल्या. "उचल सगळी. परत मांड."